घरी बाळंतपण करायचे, तर ठेव मोडावी का?

सप्रेम नमस्कार.

आपण लिहिले आहे की, यजमान लष्करात हवालदार असून सध्या फील्ड पोस्टिंगवर आहेत; आपण सासूबाई आणि चार वर्षांच्या मुलासह साताऱ्यात भाड्याच्या घरात राहता आणि आपल्याला सहावा महिना सुरू आहे. पहिले बाळंतपण पुण्याच्या लष्करी रुग्णालयात सुखरूप झाले, पण घरापासून लांब राहताना फार एकटे वाटले. म्हणून या वेळी मिडवाइफच्या (प्रशिक्षित सुईणीच्या) मदतीने घरीच बाळंत व्हावे, अशी आपली इच्छा आहे. त्यांची फी ९०,००० रुपये आहे. दरमहा १२,००० रुपये शिल्लक पडतात आणि यजमानांच्या एकट्याच्या नावावर ३ लाखांची मुदत ठेव आहे. ती मोडावी का, हा आपला प्रश्न.

माझे उत्तर असे की, ठेव मोडावी, पण केवळ मिडवाइफच्या फीसाठी नव्हे. रात्री दोन वाजता कळा अडल्या, रुग्णालयात हलवायची वेळ आली आणि यजमानांचा फोन लागत नसेल, तर त्यांच्या एकट्याच्या नावावरची ठेव त्या रात्री आपल्या काहीच उपयोगाची नाही. आपल्या पत्रातील सर्वांत मोठी जोखीम मला हीच वाटते, आणि बाळंतपण कुठेही झाले तरी ती दूर करावीच लागेल. यजमान पुढच्या रजेवर येतील तेव्हा ठेव मोडून १ लाख रुपये 'दोघांपैकी कोणीही' काढू शकेल अशा संयुक्त बचत खात्यात ठेवावेत आणि उरलेल्या रकमेची नवी ठेव दोघांच्या नावाने करावी. मुदतपूर्व मोडल्याने व्याज थोडे कमी मिळेल, ते सोसावे.

आता फी. सेवेतील जवानाच्या पत्नीचे बाळंतपण लष्करी रुग्णालयात मोफत होते, त्यामुळे हा संपूर्ण खर्च ऐच्छिक आहे. पुढील तीन महिन्यांच्या बचतीतून ३६,००० निघतील. उरलेले ५४,००० ठेवीच्या ३ लाखांतून घेतल्यास एकूण २,४६,००० शिल्लक राहतात आणि २ लाखांखाली उतरायचे नाही, ही मर्यादा मी घालेन. मात्र आगाऊ रक्कम देण्यापूर्वी, मधेच रुग्णालयात जावे लागल्यास किती पैसे परत मिळतील हे लेखी घ्यावे आणि मिडवाइफची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी स्वतः पाहावी. यातले एक जरी जमले नाही, तर मी हा खर्च करू नका असेच सांगेन. घरी बाळंत होणे आपल्या प्रकृतीला सुरक्षित आहे की नाही, हे अर्थातच स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून सांगायचे आहे. त्यांचा नकार आला, तर वरचे सगळे हिशेब रद्द समजावेत.

पर्यायी रुग्णालय आजच ठरवून ठेवावे. पुणे शंभर किलोमीटरहून लांब असल्याने तातडीच्या वेळी तिथल्या लष्करी रुग्णालयावर विसंबता येणार नाही. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन आणि नवजात बाळाचे उपचार मोफत होतात, आणि १०८ ची रुग्णवाहिकाही मोफत मिळते. तिथे आधीच नाव नोंदवावे. खासगी रुग्णालयात गेल्यास पैसे आधी स्वतः भरावे लागतात, आणि लष्कराकडून मिळणाऱ्या परताव्याच्या मंजुरीवर आजचे नियोजन उभे करू नये. वैयक्तिक आरोग्य विमा आता घेऊन उपयोग नाही, कारण त्यातील प्रसूती संरक्षणाला प्रतीक्षा कालावधी असतो.

घरच्या बाळंतपणात कागदपत्रांचे कामही आपल्यावरच येते. रुग्णालय जन्माची माहिती आपणहून कळवते. घरी जन्म झाल्यास ती २१ दिवसांच्या आत कुटुंबप्रमुखाने नगरपालिकेत द्यायची असते. यजमान नसल्याने सासूबाईंना हे आताच समजावून सांगावे. जन्माचा दाखला मिळाल्यावर तो युनिटला पाठवून पार्ट टू ऑर्डर काढून घ्यावी, कारण त्याशिवाय बाळाचे नाव यजमानांच्या लष्करी नोंदीत चढत नाही आणि पुढे दोन मुलांपर्यंत मिळणारा, प्रत्येकी दरमहा २,८१२.५० रुपयांचा शिक्षण भत्ता मागताना अडचण येते. बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी यांच्या जन्मवेळच्या लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात. हिपॅटायटिसची लस २४ तासांत द्यायची असल्याने ती कोण आणि कुठे देणार, हे मिडवाइफशी बोलताना फीच्या आधी विचारावे.