तुरुंगातल्या स्त्रियांना धर्माचा आधार मिळतो, की तिथेही जात आणि पैसाच चालतो?

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकील म्हणून मी महिला कारागृहात जाते, त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे. आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टी तिथे एकाच बराकीत नांदतात.

धर्माचा आधार खोटा नसतो. पुढची तारीख कधी पडेल याचा नेम नसलेल्या बाईला नवरात्र किंवा रमजान कधी येणार हे तरी ठाऊक असते. जामीन व्हावा म्हणून शेजारणीबरोबर रोजे धरणाऱ्या हिंदू स्त्रिया मी पाहिल्या आहेत. बाहेर त्या दोघी एका आळीत राहण्याची शक्यताही कमीच.

मात्र उपवासाला खजूर, शेंगदाणे घ्यायचे तर कॅन्टीनच्या खात्यावर घरून आलेली मनीऑर्डर लागते. जिला कोणी पैसे पाठवत नाही, ती दुसरीचे कपडे धुऊन साबण, बिस्किटे मिळवते. आणि धुणाऱ्या कोण, धुऊन घेणाऱ्या कोण, हे बहुधा आडनावांवरूनच कळते. ही विभागणी कित्येक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांतच लिहिलेली होती. स्वयंपाक ‘योग्य’ जातीच्या कैद्याने करावा, सफाई विशिष्ट जातींकडे असावी, अशा तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी रद्द केल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. त्याला इतकी वर्षे लागावीत, याची मला आजही चीड येते.

तरीही माझ्या मते विषमता सर्वांत जास्त बोचते ती जामिनात. २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी २३,७७२ स्त्रिया होत्या, आणि एकूण कैद्यांत सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. नवरा आत असला की बायको डबा, वकील, जामीनदार यांसाठी वणवण करते. बाई आत गेली की ‘घराण्याला बट्टा लावला’ म्हणून सासर मुलाखतीलाही फिरकत नाही. देवाधर्माचे नाव घेणारी घरेच यात पुढे असतात. माझ्या एका पारधी अशिलाला चोरीच्या आरोपात जामीन मंजूर झाला होता, पण भावाकडे ना सातबारा, ना पगाराची पावती, त्यामुळे जामीनदार म्हणून त्याला कोणी धरेना. तिच्या जमातीवरचा १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला, पोलिसांचा संशय मात्र गेलेला नाही.

गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. तीतून कच्च्या कैद्याला जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते. पैसे मिळाले तरी जामीनदार म्हणून उभे राहणारे माणूस कुठून आणायचे, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या निर्देशांचा उपयोग होतो: महिनाभरात जामीनपत्र सादर झाले नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. आपल्या ओळखीतली कोणी अशी अडकली असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला हे निर्देश दाखवून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटकेचा अर्ज करायला सांगावे. त्याची फी लागत नाही.