‘दुर्धर’ म्हणजे बरा न होणारा का?

फोंड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या आईच्या स्तनाच्या कर्करोगावर बांबोळीला उपचार चालू आहेत आणि गुणही येतोय. रजेच्या अर्जात त्यांनी ‘आईच्या दुर्धर आजारामुळे’ असं लिहिलं, तर मामा रागावले: ‘अभद्र लिहू नकोस, दुर्धर म्हणजे बरं न होणारं.’ कॅन्सर हा शब्दही मामांना नको, धाकटीचं लग्न ठरायचंय म्हणे. मग लिहायचं काय?

मामांचा अर्थ व्युत्पत्तीत बसत नाही. ‘धृ’ म्हणजे धरणं, पेलणं. दुर्धर म्हणजे पेलायला कठीण. विष्णुसहस्रनामात ‘दुर्धरोऽथापराजितः’ असं विष्णूचंच नाव येतं, म्हणजे मनात धरून ठेवायला अवघड असा तो. दुर्धर प्रसंग ओढवला असंही आपण म्हणतो, आणि त्यातून माणसं तरून जातात.

मग हा शब्द असाध्याच्या पंगतीला कसा बसला? मला वाटतं, निधनवार्तांमुळे. ‘दुर्धर आजाराने निधन’ हे आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. जी बाई उपचार संपवून पुन्हा बाजारात मासळीचा भाव करते, तिच्याबद्दल ‘दुर्धर आजारातून बऱ्या झाल्या’ असं कोण छापतो? ती स्वतःही सांगत नाही. शब्द फक्त गेलेल्यांच्या नावापुढे दिसत राहिला, तर त्याला सुतक लागणारच.

गंमत म्हणजे बारीक फरक करणारे शब्द आपल्याकडे होतेच. चरकसंहितेत व्याधींच्या चार पायऱ्या आहेत: सहज बरा होणारा तो सुखसाध्य, कष्टाने बरा होणारा कृच्छ्रसाध्य, पुरता जात नाही पण उपचार-पथ्याने आटोक्यात राहतो तो याप्य, आणि वैद्याने हात जोडावेत असा प्रत्याख्येय. यातला ‘याप्य’ आपण टाकून दिला याची मला फार हळहळ वाटते. आजच्या कर्करोगांत या चारांपैकी पहिली सोडली तर बाकी सगळ्या पायऱ्या सापडतात. लवकर कळलेला स्तनाचा कर्करोग तर बहुधा बरा होतो. आपण मात्र सरसकट एकच ‘दुर्धर’ चिकटवतो.

‘कर्करोगग्रस्त’ही मी टाळतो. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणं. ग्रहण लागलेलाच चंद्र उगवला की पंचांगवाले ‘ग्रस्तोदय’ म्हणतात, तोच हा ग्रस्त. रोगाने गिळलेली बाई? त्यापेक्षा ‘कर्करुग्ण’ बरा. (रुग्णचं मूळही ‘मोडलेला’ असंच, पण ते आता कुणाच्या कानाला लागत नाही.)

आता लग्नाचं. हा प्रश्न शब्दाचा नाही, तरी विचारलाय म्हणून. कर्करोग शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. स्तनाच्या कर्करोगांपैकी शंभरात पाच ते दहाच वारशाने आलेल्या जनुकीय दोषामुळे होतात. घराण्यात आणखी कुणाला झाला असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगावं, सोयरिकीसाठी झाकू नये.

अर्जात सरळ ‘आईच्या कर्करोगावरील उपचारांसाठी’ असं लिहा. नाव घालायचं नसेल तर ‘गंभीर आजार’ पुरे. आणि तरीही ‘दुर्धर’च ठेवलात, तर तुमच्या पत्रात झालाय तसा पहिला उकार दीर्घ करू नका, तो ऱ्हस्व.