आधी आलेख, मग टी-टेस्ट

तुमच्या आकड्यांना टी-टेस्ट (दोन सरासरींमधला फरक तपासणारी चाचणी) लावायची की अनोव्हा (तशीच चाचणी, पण सहसा तीन किंवा अधिक गटांसाठी), हा प्रश्न चार दिवस बाजूला ठेवा. आधी आलेख काढा. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार छोटे संच मांडले. सरासरी सारखी, सहसंबंध (जोडीतले आकडे सरळ रेषेत किती बरोबरीने बदलतात याचं माप) चारही ठिकाणी ०.८२ च्या आसपास, पण आलेखात एक सरळसा, तर दुसरा चक्क कमानीसारखा!

सरासरीवरही लगेच भरवसा नको. सिंहगड रोडवरून स्वारगेटला पोहोचायला मला एका आठवड्यात लागलेली मिनिटं बघा: ३५, ३६, ३८, ४० आणि धो धो पावसात १११. सरासरी ५२, पण तेवढा वेळ एकाही दिवशी लागला नाही. नेहमीचा प्रवास सांगतो तो मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ३८. म्हणून १११ खोडून मात्र टाकू नका. नोंदच चुकली असेल तरच काढा. नवीन मंडळी हमखास इथेच चुकतात.

आणखी दोन गोष्टी:
- त्याच विद्यार्थ्यांचे आधीचे आणि नंतरचे गुण असतील, तर पेअर्ड टी-टेस्ट, म्हणजे प्रत्येकाच्या दोन गुणांची जोडी लावून फरक तपासणारी.
- चाचणीतून आलेली पी-व्हॅल्यू ०.०३ म्हणजे 'फरक खरा असण्याची शक्यता ९७ टक्के' नव्हे. फरक मुळात नसताच, तरी निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के, एवढंच.

रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं) नंतर बघू. आज तुमच्या फाइलमधल्या एकाच कॉलमचा हिस्टोग्राम (कोणत्या टप्प्यात किती आकडे येतात ते दाखवणारा स्तंभांचा आलेख) काढा आणि काय दिसलं ते कळवा.