कोहा बसवण्यापूर्वी

बडोद्यातील आपल्या मंडळाच्या ग्रंथालयासाठी 'कोहा' वापरण्याचा तुमचा विचार मला योग्य वाटतो. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली, ग्रंथालयाचे कामकाज सांभाळणारी ही मुक्तस्रोत संगणकप्रणाली २००० सालापासून वापरात आहे. तिला परवान्याचे शुल्क नाही, मात्र ती ज्यावर चालते ती लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली सांभाळणारा माणूस लागतो, आणि तो मिळण्याआधी सर्व्हर घेऊ नये.

खरे काम पुस्तकांच्या नोंदींचे आहे. जुनी यादी युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेली असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी, नाहीतर पडद्यावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात आणि शोध चालतच नाही. (मी हा धडा दोन हजार नोंदी भरून झाल्यावर शिकलो.) लेखकनामांचेही तसेच: 'कुसुमाग्रज' आणि 'शिरवाडकर, वि. वा.' ही एकाच लेखकाची नावे प्रमाणित नोंदीने (एका लेखकाची सर्व नावे एकत्र बांधणाऱ्या नोंदीने) जोडली नाहीत, तर कविता एकीकडे, नाटके दुसरीकडे सापडतात, आणि वाचक दोष ग्रंथपालालाच देतो.

पुस्तकांच्या स्कॅन प्रती खुल्या करायच्या असल्यास लेखकाच्या, आणि अनुवाद असेल तर अनुवादकाच्याही, निधनाला ६० वर्षे उलटली आहेत का, हे तपासावे. जुनी दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन ते टिपणारी वही, मात्र रद्दीत घालू नये. बारकोडच्या चिकटपट्टीवर तिच्यातलाच दाखल क्रमांक छापावा.