समुद्री शैवालातील नैसर्गिक रंगद्रव्यांचा आरोग्यासाठी आणि उद्योगात काय उपयोग होतो?

सर्वांत रुळलेला उपयोग बीटा-कॅरोटीनचा आहे. ड्युनालिएला सलिना हे सूक्ष्म शैवाल अतिखारट पाण्यात, प्रखर उन्हापासून स्वतःला वाचवण्यासाठी हे द्रव्य इतके साठवते की मिठागराचे पाणी तांबूस दिसू लागते. तेच पुढे खाद्यरंग म्हणून वापरले जाते आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. लाल शैवालातील फायकोएरिथ्रिन मला अधिक मोलाचे वाटते, कारण हिरवा प्रकाश शोषून ते नारिंगी चमकते आणि प्रतिपिंडाला, म्हणजे ठरावीक पेशींनाच चिकटणाऱ्या प्रथिनाला, जोडले की त्या चमकेवरून रक्तातील विशिष्ट पेशी ओळखून मोजता येतात. तपकिरी शैवालातील फ्यूकोझँथिन वजन घटवते, या दाव्यामागचे पुरावे मात्र बहुतांशी प्राण्यांवरील प्रयोगांतले आहेत. त्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया घेऊ नयेत.