लिंक तुटली तर?

रबाळे, नवी मुंबई

अनेक आशीर्वाद.

तुझ्या ड्रोनचा, म्हणजे बिनवैमानिक विमानाचा, आराखडा पाहिला. पंखांखाली दोन क्षेपणास्त्रं झोकात काढली आहेस, कॅमेराही ठरवलायस. लिंक, म्हणजे जमिनीशी असलेला रेडिओ संपर्क, तुटली तर विमान काय करणार, यावर मात्र एक ओळ नाही. मी तिथूनच सुरुवात केली असती.

माझीच फजिती सांगतो. बरीच वर्षं झाली. कर्जतजवळच्या माळावर आमचं छोटं टेहळणी विमान उडवत होतो. सहाव्या मिनिटाला पडद्यावरचे आकडे गोठले. आम्ही निर्धास्त, कारण लिंक गेली की आपोआप परतायची सोय होती. विमान वळलंही, पण आमच्याकडे पाठ फिरवून! परतीचा बिंदू आदल्या आठवड्यातल्या चाचणीचा, पनवेलकडच्या शेताचा, तसाच राहिला होता. बदलायचं काम माझं, विसरलोही मीच. मग भर मे महिन्यात माथेरानच्या उतारावर दोन दिवस करवंदीच्या जाळ्या तुडवल्या. विमान सापडलं नाही. लिंक का गेली ते वर्कशॉपमध्ये कळलं. जमिनीवरच्या अँटेनाचं कनेक्टर उघडलं, तर पिन खाडीच्या खाऱ्या हवेनं हिरवीगार पडलेली.

मोठ्यांचं दुखणंही हेच, फक्त किंमत वेगळी. 2011 मध्ये अमेरिकेचं आरक्यू-170 हे टेहळणी ड्रोन इराणच्या हाती बरंचसं धडधाकट लागलं. आम्ही ताबा मिळवला असं इराण म्हणतो, बिघाड झाला असं अमेरिका. शत्रू काही न पाडता नुसता रेडिओ संपर्क दाबणारा जॅमर लावतो, जीपीएस खोटं दाखवतो. मग उरतं विमानातलं जायरोचं गणित, म्हणजे स्वतःची वळणं मोजून आपण कुठे आहोत याचा अंदाज, आणि त्यातली चूक मिनिटागणिक वाढत जाते. हे गणित आधी शीक. कंटाळवाणं आहे, माहीत आहे.

लिंक शाबूत असली तरी उशीर असतोच. उपग्रहामार्फत अमेरिकेचं प्रिडेटर ड्रोन चालवताना आज्ञा जाऊन चित्र परत यायला सेकंदाहून जास्त वेळ लागायचा. म्हणून उडवणं-उतरवणं धावपट्टीजवळची तुकडी करायची, मधलं उड्डाण दूरची.

आपल्या देशी तपस ड्रोनबद्दल लोक एवढंच बोलतात, की 30,000 फूट आणि 24 तास हवे होते, तिथपर्यंत पोचलं नाही. खरं आहे. पण जून 2023 मध्ये ते चित्रदुर्गहून उडालं आणि समुद्रावर त्याचा ताबा नौदलाच्या आयएनएस सुभद्रा या जहाजानं चाळीस मिनिटं घेतला. उडत्या विमानाची सूत्रं एका हातातून दुसऱ्या हातात देणं काय चीज आहे, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. त्याआधी 1 जुलै 2022 ला तिथेच शेपटी नसलेल्या लढाऊ विमानाचा प्रात्यक्षिक नमुना स्वतःहून उडून स्वतःहून उतरला. मला विचारशील तर त्यातलं उतरणं जास्त मोलाचं.

आता तुझी क्षेपणास्त्रं. प्रिडेटर पहिल्यांदा उडालं 1994 ला, त्यावरून हेलफायर क्षेपणास्त्र डागून पाहिलं 2001 मध्ये. मधली वर्षं ते नुसतं बघत होतं. तुझ्या फ्लोचार्टमध्ये लिंक तुटल्याच्या चौकटीतून डागण्याकडे एक बाण जातो. तो आजच खोड. माणूस संपर्कात नसेल तर कळ बंद. यावर मी वाद घालणार नाही.

शनिवारी ये. व्हिडिओ नकोत, लॉग, म्हणजे उड्डाणाच्या नोंदी, आण. प्रोपेलर काढून विमान टेबलाला बांधू. तू बोलत असताना मी न सांगता अँटेनाची केबल उपटणार आहे.

तुझा,
काका