सीसीयूमध्ये सगळे काही मॉनिटरच पाहत असेल, तर नर्सला शिकण्यासारखे काय उरते?

आपल्या मुलीने जी.एन.एम. (नर्सिंगची पदविका) पूर्ण केले असून तिला हृदयरोग अतिदक्षता विभागात (सीसीयूत) नोकरी मिळत आहे, परंतु "तिथे सगळे मॉनिटरच पाहतो, हाताला काम राहत नाही" असे एका परिचितांनी सांगितल्यामुळे ती घ्यावी का, असा आपला प्रश्न आहे. नोकरी अवश्य घ्यावी. आपल्या परिचितांचे ते वाक्य मात्र मी एकवीस वर्षे ऐकत आले आहे, म्हणून त्याविषयी लिहिते.

मुंबईतील एका रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत माझी नाइट ड्यूटी होती. बायपास झालेले एक गृहस्थ संध्याकाळी व्हेंटिलेटरवर आले होते. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्ण ताब्यात घेताना, त्यांच्या छातीतील ड्रेनमधून (साचणारे रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतून) तासाला 80 ते 90 मिलिलिटर रक्त येत होते. साडेअकराला तासाभराचे केवळ 10 आले आणि साडेबाराला काहीच नाही. रक्तदाब 118/70 वरून 94/76 वर आला होता, पण अलार्मची मर्यादा 90 वर लावलेली असल्यामुळे मॉनिटर गप्प होता. सीव्हीपी, म्हणजे हृदयाकडे परतणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब, 9 वरून 17 झाला होता आणि लघवी तासाला 60 वरून 15 मिलिलिटरवर आली होती. पांघरूण बाजूला करून पायांना हात लावला, तर नऊ वाजता कोमट असलेली पावले गार पडली होती. ड्रेनच्या नळीच्या वळणावर काळपट, जेलीसारखी गुठळी अडकली होती आणि मिल्किंग करूनही, म्हणजे नळी बोटांनी पिळत नेऊनही, ती हलत नव्हती.

हाउसमन, म्हणजे ड्यूटीवरचे कनिष्ठ डॉक्टर, म्हणाले, "सिस्टर, रक्तस्राव थांबला आहे, हे चांगलेच झाले. प्रेशरसाठी थोडे सलाईन सोडा."

ड्रेन थांबला म्हणजे रक्तस्राव थांबला, असे गृहीत धरता येत नाही. नळी तुंबली की तेच रक्त हृदयाभोवती साचते, हृदयाला भरायला जागा उरत नाही, आणि मग मागचा दाब (सीव्हीपी) चढतो व पुढचा (रक्तदाब) उतरतो. यालाच टॅम्पोनाड म्हणतात. यातील प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर त्याला काही ना काही सबब सापडते; ते सगळे एकाच दिशेने सरकत आहेत, हे तासातासाला तक्ता भरणाऱ्या बाईलाच आधी दिसते. मी हाउसमनना ओलांडून रजिस्ट्रारांना, म्हणजे त्यांच्या वरच्या डॉक्टरांना, फोन केला. ते पोहोचेपर्यंत वरचा दाब 78 झाला होता. छाती पुन्हा उघडली, ओंजळभर गाठी निघाल्या आणि रक्तदाब इतक्या झपाट्याने चढला की तो वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा पंप मला भराभर कमी करावा लागला.

सकाळच्या राउंडला हाउसमननी सांगितले, "ड्रेन कमी झाल्याचे आमच्या लक्षात आले." त्या 'आमच्या'त मी होते की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही. इन्चार्ज सिस्टरांनी मात्र, हाउसमनना डावलून फोन का केला, असे मला सर्वांसमोर विचारले.

म्हणून मुलीला पगाराच्या आधी दोन गोष्टी विचारायला सांगा: व्हेंटिलेटरवरचे किती रुग्ण एका नर्सकडे असतात आणि पहिले काही महिने तिच्या शेजारी अनुभवी सिस्टर उभी राहणार आहे का. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स हवी. तिघांना मिळून एक असेल तर तिथे शिकणे होत नाही, केवळ धावपळ होते. पुढे क्रिटिकल केअरची (अतिदक्षता सेवेची) एक वर्षाची पोस्ट बेसिक, म्हणजे मूळ नर्सिंग शिक्षणानंतरची, पदविका करता येते. डॉक्टरांना काहीही कळवले की कोणाला कळवले, काय कळवले आणि ते काय म्हणाले, हे वेळेसकट नोंदवण्याची सवय तिने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

हे सारे शस्त्रक्रियेनंतरच्या आयसीयूचे झाले. हार्ट अ‍ॅटॅकचे रुग्ण असलेल्या सीसीयूत ड्रेन नसतो. तिथे मॉनिटरवरची लय हेच मोठे काम असते आणि व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदयाची जीवघेणी, विस्कळीत थरथर) ओळखून शॉक देण्यात गेलेले प्रत्येक मिनिट रुग्णाला महाग पडते. तेव्हा आपले परिचित तेवढ्यापुरते बरोबर आहेत, पण तो मॉनिटर वाचायलाही कोणीतरी लागतेच. शिवाय तो हाउसमन बिचारा आदल्या सकाळपासून ड्यूटीवर होता, हेही सांगायला हवे. त्याला कळवले 12.35 ला आणि रजिस्ट्रारांना फोन केला 12.50 ला, तक्त्यावर दोन्ही वेळा माझ्याच अक्षरात आहेत.